थंड पडलेल्या माणसाजवळ कोण बसणार?

आमच्याकडं ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक शब्द आहे, "थंड पडला". कोणी तीन-चार रविवार दिसला नाही की भक्ती सुटल्यावर बाहेर चपला घालता घालता बायाबापडे एकमेकांना सांगतात, तो थंड पडला म्हणे विश्वासात. एवढं म्हटलं की विषय संपला. त्याच्या घरी काय झालं, शेतात काय झालं, कोणी जाऊन बसलं का त्याच्याजवळ, हे विचारायची गरजच उरत नाही, कारण त्या एका शब्दात निकाल लागलेला असतो आणि चूक कोणाची तेही ठरलेलं असतं. मला आज ह्या शब्दाबद्दल बोलायचंय. लांबलचक होईल, पण बोलायचंय, कारण माझ्या घरातला एक माणूस असाच थंड पडला आणि आम्ही सगळे चार वर्षं नुसते बघत राहिलो.

माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. अंबड तालुक्यात त्याची सव्वादोन एकर मोसंबी होती. मंडळीत वीस वर्षं ढोलकी त्याच्याकडं, संडे स्कूलच्या पोरांना गाणी शिकवायचा, नाताळात घरोघर फिरणाऱ्या टोळीत सगळ्यात पुढं तोच. २०१२ ला पाऊस गेला. जालन्याचा घाणेवाडी तलाव आटला, शहरात प्यायला पाणी नव्हतं तर आमच्या बांधावर कुठून येणार. दादानं टँकर विकत घेतले, सोसायटीचं कर्ज होतंच त्यावर सावकाराचं घेतलं, वहिनीच्या पाटल्या गेल्या. मेडिकलवाल्याकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणून झाडाझाडाला टांगल्या, बुडाला पाचट अंथरलं, थेंब थेंब पाणी द्यायचं. रात्री कपाळाला बॅटरी बांधून बाटल्या भरत हिंडायचा. मंडळी बागेत प्रार्थनेला गेली होती, मी पण होतो, चारी कोपऱ्यांवर उभे राहून हात वर करून आम्ही पावसासाठी रडलो, खरंच रडलो, देखावा नव्हता तो. मे महिन्यात पानं वळली, मग फांद्या वाळल्या. जूनमध्ये पाऊस आला. २०१३ चा चांगला पाऊस. पण तवर बाग मेली होती.

त्याच महिन्यात एका रविवारी मंडळीनं पावसाबद्दल उपकारस्तुतीची भक्ती ठेवली. गैर काही नव्हतं त्यात, पाऊस सगळ्यांसाठीच आला होता, बाकीच्यांची कपाशी उगवली होती. दादा आला, नेहमीच्या जागी सतरंजीवर बसला, ढोलकी मांडीवर घेतली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, मग एकेक जण उठून साक्ष द्यायला लागला, प्रभूनं आमची प्रार्थना ऐकली, प्रभू विश्वासू आहे. तिसऱ्या का चौथ्या साक्षीला दादानं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली, तिची ती लाल गवसणी शोधली, व्यवस्थित चढवली, नाडी बांधली आणि उठून बाहेर गेला. लोकांना वाटलं लघवीला गेला असेल. तो घरी गेला, आणि परत आला नाही.

दोन महिन्यांनी तेव्हाचे आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्याच्या घरी गेले. मी सोबत होतो म्हणून मला माहितीय काय बोलणं झालं. त्यांनी खुर्चीवर बसून बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातला आखान काढला. आखानानं लुटीतलं सोनं आणि झगा तंबूत पुरून ठेवला आणि त्या एका माणसाच्या पापापायी सगळ्या इस्राएलाला हार खावी लागली ती गोष्ट. म्हणाले, घरात कुठं काही लपलेलं असेल तर कबूल करा, मार्ग मोकळा होईल. दशांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा देवाला देता का, ते पण विचारलं. विश्वास कमी पडला असेल, असंही म्हणाले. दादानं ऐकून घेतलं, हात जोडले, वहिनीनं चहा दिला, आणि आम्ही निघालो. वाटेत मला पण वाटलं होतं की साहेब बरोबर बोलले. हे मी लिहून ठेवतो, कारण दोष एकट्या पाळकाचा नव्हता, आम्हा सगळ्यांना तेच शिकवलेलं होतं आणि आम्ही तेच पुढं शिकवत होतो.

माझं म्हणणं असं आहे की संशयात पडलेल्या माणसाला सांभाळणं हे पाळकाचं आणि मंडळीचं पहिल्या नंबरचं काम आहे आणि आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांनी ते काम बाजूला टाकून दिलंय. त्याला आपण वेळ देत नाही, त्याचं ट्रेनिंग नाही, वर्षाच्या अहवालात त्याचा रकाना नाही. रकाना कशाचा असतो तर बाप्तिस्मे किती झाले, वर्गणी किती आली, भक्तीला हजेरी किती. "कोणाच्या घरी किती वेळ गप्प बसलात" असं आजवर कोणी कोणत्या पाळकाला विचारल्याचं मी ऐकलं नाही.

आणि हे पवित्र शास्त्राला सोडून मी बोलत नाहीये. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडा. महान आज्ञा सगळ्यांना पाठ आहे, जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, दर सेवाकार्याच्या मीटिंगला, दर कन्व्हेन्शनला ती वाचतात, भिंतीवर रंगवतात. पण सुरुवात एकोणिसाव्या वचनापासून करतात. दोन वचनं मागं जा, सतरावं वाचा. मरणातून पुन्हा उठलेल्या येशूला त्याच्या शिष्यांनी डोंगरावर पाहिलं, नमन केलं, तरी काहींना संशय वाटला. अकराच जण होते तिथं, त्यातले काही संशयात. आणि येशूनं काय केलं? संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही, आधी विश्वास पक्का करून या मग पाठवतो असं म्हटलं नाही, तीच आज्ञा सगळ्यांच्या हातात दिली. म्हणजे ज्या वचनावर आपलं सगळं मिशन उभं आहे ते वचन संशय असलेल्या माणसांनाही उद्देशून बोललेलं आहे. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, लहानपणापासून मंडळीत वाढून.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं बघा. ज्यानं नदीकाठी येशूकडं बोट दाखवून हाच तो म्हणून सांगितलं तोच तुरुंगात पडल्यावर निरोप धाडतो, जो येणार होता तो तूच का, का आम्ही दुसऱ्याची वाट बघू? येशू रागावला नाही. काय बघताय ते त्याला जाऊन सांगा म्हणाला, आणि निरोपे गेल्यावर लोकांसमोर योहानाचं कौतुक केलं. एलीया संदेष्टा तर झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. त्याला दूतानं आधी उपदेश केला का? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी ठेवला आणि म्हणाला ऊठ, खा. खाऊन तो परत झोपला तर झोपू दिलं, परत उठवून परत खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्याच्यानंतर कितीतरी दिवसांनी. आमच्याकडं मात्र खचलेल्या माणसाला आधी उपास-प्रार्थनेला बसवतात. उपाशी माणसाला अजून उपास.

आणि ईयोबाचे मित्र. ईयोब म्हणजे बायबलातला तो भला माणूस, ज्याची लेकरं, धन, तब्येत सगळं गेलं. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. तोवर ते चांगले पाळक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यांनी जे जे सांगितलं ते आजच्या कोणत्याही व्यासपीठावरून खपेल असंच होतं, पाप असेल, कबूल कर, देव न्यायी आहे. आणि शेवटी देव काय म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं खरं बोलला नाहीत. म्हणजे देवाशी भांडणारा खरा ठरला आणि देवाची बाजू मांडणारे खोटे. हे पुस्तक आपल्या बायबलात कोणी उगाच ठेवलं असेल का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवते, किल्लारीचा भूकंप. सगळा लातूर-उस्मानाबादचा तो पट्टा मातीत गेला, हजारो माणसं झोपेत. त्यानंतर कितीतरी दिवस पाप-पाप हेच कानावर पडायचं, सगळ्या धर्मांची माणसं म्हणायची, आमची पण. लूकच्या तेराव्या अध्यायात अगदी हाच प्रश्न आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? असं येशूनंच विचारलंय आणि नाही म्हणून उत्तरही दिलंय. पश्चात्तापाचं तो बोलतो, पण ते ऐकणाऱ्यांना उद्देशून, मेलेल्यांच्या नावानं नाही. इतकं स्पष्ट असताना सव्वादोन एकर बाग वाळलेल्या माणसाच्या तंबूत आपण सोनं शोधायला जातो.

खरी गोम आमच्या साक्ष देण्याच्या पद्धतीत आहे असं मला वाटतं. साक्ष ही फार मोठी गोष्ट आहे, ज्याच्या आजोबाला गावात तोंड उघडायची सोय नव्हती त्याच्या नातवानं शंभर माणसांपुढं उभं राहून माझ्या आयुष्यात देवानं हे केलं म्हणून सांगायचं, ह्याची किंमत मला कळते. पण साक्षीचा साचा एकच होऊन बसलाय. आजार होता, प्रार्थना केली, गेला. नोकरी नव्हती, प्रार्थना केली, लागली. ज्याचा आजार गेला नाही तो माइकजवळ येत नाही. किडनीच्या पेशंटची बायको दर रविवारी तिसऱ्या ओळीत बसून दुसऱ्यांच्या बऱ्या झालेल्या किडन्या ऐकते, आणि घरी जाऊन स्वतःला विचारते की माझ्यातच काय कमी आहे. स्तोत्रसंहितेत, बायबलातल्या गाण्यांच्या पुस्तकात, दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी निव्वळ आक्रोश आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी एक ओळ आशेची नाही. ते स्तोत्र आमच्या मंडळीत मी एकदाही मोठ्यानं वाचलेलं ऐकलं नाही. खुद्द येशू वधस्तंभावर २२ वं स्तोत्र ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आणि आम्ही म्हणतो असं बोलणं म्हणजे अविश्वास.

आमच्या मातीला तर देवाशी भांडणं नवीन नाही. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालायची, आणि वारकऱ्यांनी ते अभंग गाळून टाकले नाहीत, सातशे वर्षं गात आलेत. आमचे आजे-पणजे ह्याच गोदाकाठच्या गावांतून आले, हीच भजनं ऐकत आले, आणि मंडळीत आल्यावर मात्र आम्ही इतके सभ्य झालो की देवाला रागानं हाक मारायची सोयच काढून टाकली.

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्याकडं मोठ्या आदरानं घेतात, केडगावच्या मुक्ती मिशनचं, दुष्काळात त्यांनी वाचवलेल्या मुलींचं, आणि घ्यायलाच पाहिजे. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर ह्याच रमाबाईंनी तिथल्या मिशनच्या सिस्टरशी पत्रांतून किती वाद घातला ते कोणी सांगत नाही. त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, सगळ्यावर प्रश्न. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता त्याच्यासारखं दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून कळवलं. आता समजा त्यांना कोणी म्हटलं असतं, बाई तू थंड पडलीस, मंडळीबाहेर हो. तर १८९६-९७ च्या दुष्काळात मुली गोळा करायला कोण निघालं असतं, आणि मरेपर्यंत बसून बायबलचं मराठी भाषांतर कोणी केलं असतं? मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये छापून आली, तेव्हा जगाला कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना आतून देव जाणवत नव्हता, नुसता अंधार होता. त्यांनी हे आपल्या धर्मगुरूंजवळ बोलून ठेवलेलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं ते ऐकून घेतलं, सेवेवरून काढलं नाही. त्याच बाईला चर्चनं २०१६ मध्ये संत म्हटलं.

समोरून काय उत्तर येतं तेही मला माहितीय आणि त्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. आमचे एक वडीलधारे मला म्हणाले, अरे आपण गावात चार घरं, वरून हल्ली वातावरण कसं आहे बघतोस ना, प्रार्थनेला माणसं जमली तरी चौकशी होते, अशा वेळी आपल्यातच संशय-संशय करत बसलो तर जी आहेत ती घरं पण फुटतील, लेकरांना काय सांगायचं? त्यांची भीती खरी आहे. त्यात आमच्या लोकांचं आणखी एक दुखणं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजपर्यंत नाहीत. म्हणून कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं दुहेरी जगणं चालतं. लपवायची सवय हाडामासात भिनलीय. पण मी त्या काकांना हेच म्हणालो की काका, बाहेर लपवणं भाग पडतंय म्हणूनच आत तरी एक जागा अशी पाहिजे जिथं काही लपवावं लागणार नाही. सरकारी ऑफिसात एक तोंड, गावात एक तोंड, आणि मंडळीत पण तिसरं हसरं तोंड लावून बसायचं, मग माणसानं आपलं खरं तोंड कुठं न्यायचं? आणि लेकरांचं म्हणाल तर, बारावी झालेली पोरं संभाजीनगर-पुण्याला शिकायला जातात, तिथं मोबाईलवर सगळे प्रश्न त्यांच्यापुढं येतातच, घरी आल्यावर ती आपल्याशी बोलत नाहीत एवढंच. नाताळाला नवे कपडे घालून येतात, फोटो काढतात, जातात. घर तर असंही फुटतंय.

दुसरा आक्षेप असा असतो की पाळकच संशयाला जागा देऊ लागला तर उपदेश कशाचा करणार. ह्यावर मला एक प्रसंग सांगायचाय. दादाच्या घरी आखानाची गोष्ट सांगणारे ते पाळकसाहेब, त्यांची बदली झाली, आणि तीन वर्षांनी ते मला जालन्याच्या बसस्टँडवर भेटले. सलाम झाला, मी रसवंतीत नेलं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमचे दादा काय करतात? मी म्हटलं येत नाहीत अजून. ते ग्लास हातात धरून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, भाऊ, मी सात-आठ महिने झाले स्वतःसाठी प्रार्थना करू शकलो नाही, लोकांसाठी करतो, तोंडानं होते, पण एकटा बसलो की शब्द येत नाही. त्यांची बायको वारली होती त्या वर्षी, मला माहीतच नव्हतं. म्हणाले, कोणाला सांगू? वरच्यांना सांगितलं तर बदली, मंडळीला सांगितलं तर बोभाटा. अकरा गावं होती त्या माणसाकडं आमच्या इथं असताना. एक जुनी मोटारसायकल, पगार दोन-दोन महिने लांबलेला, शनिवारी रात्री उपदेश तयार करायचा, रविवारी तीन ठिकाणी भक्ती, मधल्या वारी मयत, लग्न, कमिटीची भांडणं. सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, त्यांना ग्रीक शिकवलं, सिद्धांत शिकवला, पण वाळलेल्या बागेत जाऊन काय बोलायचं ते कोणी शिकवलं नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या बागेत कोणी आलं नाही. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला. पाळकाला पाळक नाही हा आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे. प्रत्येक पाळकाला, फादरला, सिस्टरला असा एक माणूस पाहिजेच ज्याच्या हातात त्यांची बदली नाही आणि पगारही नाही, आणि ज्याला सांगितलेलं कमिटीपर्यंत जात नाही. एवढं तरी आपण करू शकतो, ह्याला बाहेरचा फंड लागत नाही.

आणि हे सगळं नुसतं मनाच्या समाधानासाठी मी म्हणत नाहीये. मराठवाड्यात शेतकरी जीव देतात हे कोणाला नव्यानं सांगायला नको. आपल्या मंडळ्यांतही अशी घरं आहेत. त्या घरी मयताच्या दिवशी पाळक काय बोलतो ह्याला फार महत्त्व असतं. काही ठिकाणी अजून कुजबुज असते की अशा माणसाला आपल्या दफनभूमीत जागा द्यायची का, भक्ती करायची का. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चच्या दफनविधीची मनाई होती, १९८३ च्या नव्या कायद्यातून ती काढून टाकली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर सरळ लिहिलंय की अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं ठरवलंय. कायदा इतका पुढं आला आणि आमचा उपदेश अजून मागंच. सैतानानं नेला म्हणून त्या लेकरांसमोर बोलायचं? डिप्रेशन हा आजार आहे, शुगर-बीपीसारखा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, जरूर करा, आणि त्याच हातानं त्याला गाडीवर बसवून डॉक्टरकडं न्या. मन खचलेल्या माणसांसाठी सरकारची टेली मानसची फुकट लाईन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक चर्चच्या दारावर, जिथं लग्नाच्या जाहिराती लावतात तिथं, लावायला काय हरकत आहे?

आता दादाचं.

चार वर्षांनी त्याच्या घरी आक्का यायला लागल्या. आक्का म्हणजे पाळक नाहीत, पदाधिकारी नाहीत. मिशन दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, रिटायर झाल्यावर गावाकडं आल्या. त्यांची आई जुन्या काळातली बायबलबाई, गावोगाव पायी फिरून बायांना वाचून दाखवणारी. आक्का बाजाराच्या दिवशी यायच्या, गुरुवारी. पिशवी टेकवायच्या, वहिनीसमोर सूप पडलेलं असायचं त्यातली ज्वारी निवडायला घ्यायच्या, खडे काढायच्या. बायबल पिशवीत असायचं, बाहेर काढायच्या नाहीत. असे पाच-सहा गुरुवार गेले असतील. दादा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसायचा. एका गुरुवारी आक्कांनी ज्वारीतून नजर न उचलता विचारलं, दादा, किती झाडं होती रे?

वहिनी सांगते, तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, दोनशे अडुसष्ट. आणि मग सुरू झाला. पहिल्या ओळीत किती, विहिरीकडच्या ओळीत किती, कोणतं झाड वडिलांनी लावलेलं, कोणत्या झाडाचं फळ पातळ सालीचं, कोणतं सगळ्यात शेवटी वाळलं. सगळी बाग त्यानं बोटांवर मोजून दाखवली. संध्याकाळ झाली. शेवटी म्हणाला, आक्का, त्या दिवशी सगळे म्हणत होते देवानं ऐकलं. माझ्या वेळेला काहून नाही ऐकलं? आक्का म्हणाल्या, मला नाही माहीत बाबा. आणि रडल्या. दादा पण रडला, चार वर्षांत पहिल्यांदा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडं जाताना येशू रडला एवढंच एक वचन आहे, आपण ते सर्वांत छोटं वचन म्हणून पोरांना पाठ करायला देतो.

आम्ही सगळे बागेत प्रार्थनेला गेलो होतो, हात वर केले होते, पण झाडं किती होती ते आमच्यातल्या एकानंही त्याला विचारलं नव्हतं. मी सख्ख्या चुलत्याचा पोरगा, मला पण माहीत नव्हतं.

म्हणून मी म्हणतो की हे काम एकट्या पाळकाच्या गळ्यात घालू नका. आक्कांसारखी माणसं प्रत्येक मंडळीत दोन-चार असतातच, त्यांना ओळखा, त्यांच्या गाडीभाड्याची सोय मंडळीनं करावी, आणि त्यांना अहवाल मागू नये. वर्षातून एक रविवार तरी असा ठेवा की ज्यात साक्षी नकोत, फक्त ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांनी येऊन बसायचं, ८८ वं स्तोत्र वाचायचं आणि त्यावर उपदेश करायचा नाही. बायबलातल्या यहूदाच्या छोट्याशा पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा म्हणून लिहिलंय, दुरुस्त करा असं तिथं लिहिलेलं नाही. मला कोणी विचारतं, मग दादाचा विश्वास परत आला का? हा प्रश्नच मला आता आवडत नाही, जणू काही आक्का ते करायला गेल्या होत्या आणि ते झालं नाही तर त्यांचे गुरुवार वाया गेले.

दादा अजून भक्तीला आत बसत नाही. पण तीन वर्षं झाली, रविवारी येतो, चर्चबाहेर लिंबाच्या झाडाखाली जो पार आहे तिथं बसतो, आतलं सगळं ऐकू येतं तिथं. सुरुवातीला एक-दोघांनी आत ओढायचा प्रयत्न केला, आक्कांनी त्यांना दटावलं. आता त्याचा चहा बाहेर जातो. सध्याचे पाळकसाहेब आत जायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याजवळ टेकतात, पावसाचं विचारतात.

गेल्या नाताळाच्या आदल्या रात्री पोरांची टोळी निघायची होती आणि ढोलकी नीट वाजेना, दोरी सैल पडलेली. नवीन पोरगं नुसतं ओढत होतं. दादा पारावरून उठून आला, ढोलकी त्याच्या हातातून घेतली, गुडघ्याखाली दाबून कड्या एकेक करून सारल्या, थाप मारून बघितली, परत एक कडी सारली, परत थाप. मग ती पोराच्या गळ्यात अडकवली आणि त्याला म्हणाला, तिसऱ्या घरापाशी परत उतरल ही, तवा इकडची कडी ओढ. पोरं गात गात निघून गेली, दादा पारावर जाऊन बसला, आणि आक्का काठी टेकत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.